तोंडी मत

मुंबईत दरवर्षी सिनेमाची बक्षिसं वाटली जात आणि गोव्यातल्या लाटंबार्शात आमच्या सोप्यावर बसून चार माणसं ती काढून घेत. पावसाळ्यात खाण बंद असे. खनिजाचे ट्रक ताडपत्री पांघरून उभे, आणि ट्रकवर ड्रायव्हर असलेले माझे बाबा घरात. मग रविवारी दुपारी डिचोलीहून तिघे येत. थिएटरच्या तिकीट खिडकीवर बसणारे काका, एक शिंपी आणि एक मास्तर. मासिकांतून कापून ठेवलेल्या याद्या निघत. दहा-पंधरा वर्षांमागचं एखादं वर्ष घ्यायचं आणि त्या वर्षीचा उत्तम नट खरा कोण, ते ठरवायचं. ज्याला मुंबईत बक्षीस मिळालेलं असे, तो आमच्याकडे बहुतेक नापासच होई.

मला या प्रकाराची मनस्वी चीड होती. परसात केळी आडव्या झालेल्या, त्यांना टेकू आईने द्यायचे, आणि हे चौघे चहात पावाचे उंडे बुडवून न्यायदान करणार. ज्यांचा न्याय चालला होता त्यांना डिचोली कुठे आहे हेसुद्धा ठाऊक नसणार. मी एकदा तसं बोलले. बाबा म्हणाले, "देवाक तरी खंय म्हायत असता, आमी काय मागतव ता?"

निकालाची त्यांची एक रीत होती. एका वर्षी शिंप्याने आपल्या गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या गोळा करून आणल्या आणि आपला नट जिंकवला. बाबा खवळले. त्यांनी तिथल्या तिथे नियम केला. "चिठ्ठी चलाची नाय. मत तोंडान देवचा, उभ्यान देवचा, आनि त्या नटान काय केलान ता करून दाखवचा. जमला नाय तर मत बाद." तेव्हापासून प्रत्येकाला उभं राहून नक्कल करावी लागे. मास्तर एकदा एका नायकाचं रडणं करायला गेले आणि खरोखरच रडत बसले. मी आणि आई दाराआड पदर तोंडात कोंबून हसत होतो.

जिंकलेल्याचं नाव बाबांच्या ट्रकमधून निघालेल्या एका जुन्या पिस्टनवर खिळ्याने कोरलं जाई. तो पिस्टन बाबांनी घासून घासून लखलखीत केला होता. त्यावर बरीच नावं होती. एकाच वर्षापुढची जागा मात्र कोरी राहिली.

त्या वर्षासाठी बाबांचा एक नट होता. लग्नाच्या मांडवात, पंगत बसलेली असताना, थोरला भाऊ उठतो आणि सगळ्या गावाला फैलावर घेतो, असा त्याचा प्रसंग. बाबा ते भाषण करायचे तेव्हा शेजारचे कुत्रे भुंकू लागायचे. इंजिनाच्या आवाजावर बोलून बोलून त्यांचा आवाजच तसा झाला होता. काकांचा नट अगदी उलटा. त्याचा सिनेमा डिचोलीत तीन दिवस चालला होता आणि काकांनी तो रिकाम्या थिएटरात बसून सगळ्या खेळांना पाहिला होता. त्यात मेलेल्या मुलाची ट्रंक शहरातून परत येते आणि म्हातारा बाप तिच्यातले सदरे काढून एकेक करून घड्या घालतो. तोंडातून शब्द नाही.

"गप रवाक काय अक्कल लागता?" बाबा विचारायचे. "माडय गप रवता."

"तूं पयलीं पांच मिनटां ओगी राव," काका म्हणायचे, "मागीर उलय."

शिंपी बाबांच्या बाजूचा, मास्तर काकांच्या. दोनास दोन. कितीतरी पावसाळे ते वर्ष पुन्हा पुन्हा काढलं आणि पुन्हा पुन्हा तसंच ठेवलं. मग शिंपी वारला. मास्तर बदली होऊन पेडण्याकडे कोरगावला गेले ते गेलेच. हे दोघे उरले. एकास एक.

मग भाषेचं आंदोलन पेटलं. माझे आजोबा दोडामार्गकडून खाणीवर कामाला आलेले, बाबांचा जन्म इथला. बाबा मराठीच्या सभांना जाऊ लागले, काका कोंकणीच्या. घराघरांत तेच चाललं होतं, त्यात नवल नाही. पण एका दुपारी डिचोलीच्या बसस्टँडवर, चार लोकांसमोर, दोघांची जुंपली. काका रागाने म्हणाले, "तूं भायलो. तुका हांगाचें कितें कळटा?" बाबा म्हणाले, "तुज्या खिडकीर परत इलंय तर नाव बदलीन." ज्या बोलीत ते एकमेकांशी भांडत होते, त्यात उणंपुरं चार शब्दांचं अंतर असेल. मी बाबांच्या बाजूला उभी होते. शिवी दिली असती तर ते विसरले असते. 'भायलो', म्हणजे बाहेरचा, हे त्यांना गिळता आलं नाही.

पुढे कोंकणीचा कायदा झाला, गोव्याचं राज्य झालं, पेढे वाटले गेले. बाबा थिएटरकडे फिरकले नाहीत, काका सोप्यावर आले नाहीत. त्याच पावसाळ्यात बाबांचा आवाज बसला.

आधी आम्ही मिठाच्या गुळण्या केल्या, मग काढे केले, मग डॉक्टर. शेवटी पणजीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं की घशातली आवाजाची पेटीच काढावी लागेल, गाठ तिथेच आहे. बोलणं कायमचं जाईल. पुढच्या गुरुवारी, आमच्या बिरेस्ताराला, ऑपरेशन. परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीबाहेर पाहत होते. म्हापसा मागे पडल्यावर खरखरत्या आवाजात म्हणाले, "त्या वर्साचो निकाल रवलो."

मला वाटलं त्यांचं डोकं फिरलं. "बाबा, कसलो निकाल?"

"बिरेस्तारा मागसून माका मत नाय," ते म्हणाले. "नेम माजोच."

मी हसले. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि थांबले. त्यांना मरणाची भीती नव्हती असं नाही. पण मरणाबद्दल काय बोलायचं ते त्यांना माहीत नव्हतं, आणि याबद्दल माहीत होतं. आयुष्यात त्यांना कुणी कधी काही विचारलं नव्हतं. मुकादम सांगेल तिथे खनिज ओतायचं, एवढंच. त्यांचं मत कुठे धरलं जात असेल तर ते आमच्या सोप्यावर, आणि तेही गुरुवारी संपणार होतं.

ज्या गोष्टीची मला चीड होती, तिच्यासाठी मी दुसऱ्या दिवशी डिचोलीला धावले. काकांच्या दारात त्यांच्या वहाणा होत्या, खुंटीवर त्यांची छत्री होती. काकी म्हणाल्या, "ते भायर गेल्यात." मी वहाणांकडे पाहिलं, त्यांनीही पाहिलं. मी परत फिरले.

त्यानंतर मी थिएटरवर गेले. रांगेत उभी राहिले, कारण काका टाळू शकणार नाहीत अशी जगात ती एकच जागा होती. माझी पाळी आली. खिडकीला हात जाईल एवढंच भोक. मी वाकून तोंड भोकाशी नेलं.

"कितली?" आतून आवाज आला.

"काकानू, मी. बाबांचो आवाज जातलो. बिरेस्ताराक ऑपरेशन. एकदा येवा."

मग एक तिकीट बाहेर सरकलं. "फाटल्यान लायन आसा. फुडें वच."

"काकानू, तेंका मत देवचा हा..."

"फुडें वच गो."

मागचे लोक ढकलू लागले. मी तिकीट घेऊन बाजूला झाले आणि कुठे जावं ते न कळून आत जाऊन बसले. पडद्यावर काय चाललं होतं, देव जाणे. लोक हसत होते आणि मी ओढणीत तोंड घालून रडत होते. काकांचा इतका राग आला होता की त्यांच्या खिडकीची काच फोडावीशी वाटत होती.

घरी आले तेव्हा बाबा सोप्यावर बसले होते. त्यांनी फक्त भुवया उचलल्या. आणि मी, मूर्ख, बोलून गेले, "काका येतत म्हणाले. बुधवारी."

का बोलले? वाटलं, अजून पाच दिवस आहेत, उद्या पुन्हा जाईन, पाय धरीन, आणीन. गेलेही. सोमवारी पुन्हा गेले तर काका कुणाच्या तरी बाराव्याला पेडण्याला गेलेले. आमच्या देवळात जाऊन प्रसाद लावला. पाणी लावून चिकटवलेली पाकळी देवाच्या उजवीकडून पडली तर हो, डावीकडून पडली तर नाही. ती डावीकडून पडली. मी पुन्हा लावायला सांगितलं तर भटजी रागावले. देवाशी घासाघीस करतात का, म्हणाले.

इकडे बाबांनी बोलणं बंद केलं होतं. मला वाटलं, दुखत असेल. आई म्हणाली, "आवाज राखून ठेवतहत. बुधवारसाठी." लग्नाच्या मांडवातलं ते भाषण मोठं होतं आणि घशात तेवढंच बळ उरलं होतं. म्हणून ते रविवारपासून एक शब्दही खर्च करीत नव्हते. आईने काही विचारलं की मान हलवायचे. मी जवळ गेले की गालाला हात लावायचे. मला तेव्हाच सांगता आलं असतं, की बाबा, मी खोटं बोलले, कोणी येत नाही, माझ्याशी बोला. मी सांगितलं नाही. त्यांच्या तोंडावर जे आलं असतं ते बघायची माझी छाती नव्हती.

बुधवारी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, पिस्टन पुसून मेजावर ठेवला. आईने उंडे आणवले. दुपार झाली, चहाची वेळ झाली, शेवटची बस गेली. बाबा रस्त्याकडे बघत होते. दिवे लावायच्या वेळी ते उठले, पिस्टन फडताळात ठेवला आणि आत जाऊन पिशवी भरू लागले. तेव्हा तरी ते भाषण त्यांनी म्हणावं, नुसतं भिंतीसमोर का होईना, असं मला फार वाटलं. पण मत द्यायला समोर दुसरा लागतो. त्यांनी म्हटलं नाही.

गुरुवारी त्यांचा आवाज गेला. माझ्या एका खोट्याने बाबांचे शेवटचे चार दिवस बोलायचे राहून गेले. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आईलासुद्धा नाही.

बाबा घरी येऊन पंधरा दिवस झाले असतील. रविवारी दुपारी पायऱ्यांवर कुणीतरी छत्री झटकली. काका होते. हातात कागदात गुंडाळलेले उंडे. बाबांच्या गळ्यावरची पट्टी आणि मध्ये बसवलेली नळी पाहून ते तिथेच थांबले. मग बाबांशी नाही, माझ्याशी बोलले. "म्हाका दिसलें ह्याचें नाटक. म्हाका पयलीं येवपाक लावपाक. हांवें खरें मानूंक ना गो."

मी त्यांच्या हातातले उंडे घेतले. बोलले असते तर वाईट बोलले असते.

काका बसले नाहीत. छत्री टेकून ठेवली आणि उभ्यानेच म्हणाले, "त्या वर्साचें म्हजें मत." आणि त्यांनी बाबांच्या नटाचं नाव घेतलं. मग ते मांडवातलं भाषण करू लागले. काकांचा आवाज बारीक, खिडकीतून सुटे पैसे मागण्याएवढाच. मध्ये विसरले. बाबांनी हात उचलून पुढची खूण केली, पंगत उठवण्याची. काकांनी पंगत उठवली. शेजारचा कुत्रा या वेळी भुंकला नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

भाषण संपलं. काकांनी पिस्टन मागितला, खिळा मागितला, आणि ते कोऱ्या जागेवर नाव कोरायला बसले. इतक्यात बाबांनी त्यांचं मनगट धरलं. आता लिहून बोलण्यासाठी जवळ असायची ती पाटी ओढली आणि तीवर काकांच्या नटाचं नाव लिहिलं.

काकांनी वाचलं. डोळे पुसले आणि म्हणाले, "चिठ्ठी चलना. नेम तुजोच."

बाबा उठले. पावसामुळे सोप्यावरच दोरीवर त्यांचे ड्रायव्हरचे खाकी सदरे वाळत घातले होते. आईने धुऊन ठेवलेले, आता लागणार नव्हते ते. त्यांनी एकेक सदरा उतरवला. मेजावर पसरला. बाह्या मागे घेतल्या, कॉलर नीट केली, तळहाताने सुरकुती काढली, घडी घातली. पहिला, दुसरा, तिसरा. तिसऱ्याचं एक बटण लोंबत होतं, ते बोटाने आत सारलं. नळीतून श्वास येत-जात होता, तेवढाच आवाज. पाच सदरे होते. सगळे एकावर एक ठेवून त्यांनी वर हात ठेवला आणि काकांकडे पाहिलं.

मत बाद करता येण्याजोगं नव्हतं.

काकांनी खिळा खाली ठेवला. "एकाक एक," ते म्हणाले. "परत तेंच."

बाबांनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'फुडल्या पावसाक.' निकाल लागला असता तर काकांना परत यायला कारण उरलं नसतं, हे बाबांच्या आधीच लक्षात आलं होतं. माझ्या उशिरा आलं. मग चहा झाला. काका शेवटच्या बसने गेले.

बाबा शिमग्यानंतर गेले. त्या पावसाळ्यात काका रविवारी आले, उंडे घेऊन. मला म्हणाले, "आतां तूंच मत दी आनी सोडय हें एकदां." मी उभी राहिले. दोन्ही नकला मला पाठ आहेत. बाबांचा आवाज मला काढता येतो, आईने एकदा आतून ऐकून दचकून हाक मारली होती इतका. मी तशीच खाली बसले आणि म्हटलं, "फुडल्या वर्सा बघूया."

काकांनी ऐंशी ओलांडली. अजून येतात.