पुंगळ्या मोजून घेतल्या होत्या

रोशनची पिस्तूल एकाच सरावात दुसऱ्यांदा अडकली तेव्हा डॉक्टरसाहेब माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “सुरेशभाऊ, आता तरी निवडणार का?”

बुधवार होता. रविवारी नागपूरला राज्य संघाची निवड होती. पिस्तूल अडकायला याहून वाईट आठवडा नव्हता.

आधी कोण कोण ते सांगतो. माझं चंद्रपुरात बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक रानडुकरांपासून पीक राखायला परवाना घेतलेले शेतकरी. त्याशिवाय आमच्या नेमबाजी क्लबच्या स्पर्धेच्या गोळ्या मी भरून देतो. परवाना क्लबचा, गोळ्या दाबून भरायची प्रेसही क्लबची, जबाबदारी माझी. डॉक्टर बल्लावार क्लबचे सचिव. दातांचे डॉक्टर आहेत. रोशन गेडाम वनरक्षक, मोहर्लीला राहतो, पंचवीस मीटरवर ‘सेंटर फायर पिस्तूल’ या प्रकारात नेमबाजी करतो. पुढच्या महिन्यात त्याची बदली भामरागडकडे होणार होती. तिकडे रेंज नाही, सराव नाही. म्हणजे संघात जायचं तर याच रविवारी, नाहीतर विषय संपला. हे तो स्वतः कधी बोलला नाही. त्याच्या बायकोने दुकानात येऊन मला सांगितलं होतं.

आता “निवडणं” म्हणजे काय ते. गोळी उडाली की मागे पितळेचं रिकामं नळकांडं उरतं. त्याला आम्ही पुंगळी म्हणतो. ती फेकून द्यायची नसते. साफ करायची, प्रेसमध्ये दाबून पुन्हा मापात आणायची, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी कॅप, आत बारूद, वर शिसं, की नवी गोळी तयार. बाजारातल्या गोळीपेक्षा ही स्वस्त पडते, म्हणून रोशनसारख्या माणसाला भरपूर सराव परवडतो. प्रश्न एवढाच, की भरण्याआधी पुंगळ्या निवडून एकसारख्यांचे गट करायचे का? एका कंपनीच्या एकीकडे, एका वजनाच्या एकीकडे?

डॉक्टरांचं म्हणणं, करायचे. त्यांनी इंटरनेटवर वाचलं होतं. दवाखान्यातल्या नाजूक काट्यावर ते आपल्या पुंगळ्या तोलत आणि हलक्या, मध्यम, जड अशा डब्यांत ठेवत. माझं म्हणणं, लांब पल्ल्याच्या रायफलीला त्याचा उपयोग असेल. पंचवीस मीटरवर पिस्तुलाला नाही.

हे मी नुसतं तोंडाने म्हटलं नव्हतं. उन्हाळ्यात आम्ही चाचणी घेतली होती. डॉक्टरांच्याच पुंगळ्या. निम्म्या त्यांनी तोलून निवडलेल्या, निम्म्या सगळ्या डब्यांतून मिसळलेल्या. बारूद, शिसं, कॅप दोन्हींत तेच. रोशनने मनगट वाळूच्या पोत्यावर टेकवून गोळ्या मारल्या. कोणती गोळी कुठली, हे त्याला ठाऊक नव्हतं. नंतर मी कागदावरच्या छिद्रांचा पसारा पट्टीने मोजला. निवडलेल्यांचा आणि मिसळलेल्यांचा पसारा इतका सारखा निघाला, की कागदामागे खूण केलेली नसती तर मलाही ओळखता आलं नसतं. डॉक्टरांनी कागद उन्हात धरून पाहिले आणि एवढंच म्हणाले, “पोतं हललं असेल.”

त्यामुळे बुधवारी त्यांची पाळी होती. त्यांनी ती सोडली नाही.

मी म्हटलं, “डॉक्टरसाहेब, गोळी बाजूला गेलेली नाही. गोळी आत शिरलेलीच नाही. हे दुखणं वेगळं आहे.”

“दुखणं वेगळं असेल, रोगी तोच आहे ना जी,” ते म्हणाले.

 रोशन पिस्तूल टेबलावर ठेवून हात पुसत राहिला.

या स्पर्धेच्या दुसऱ्या टप्प्यात लक्ष्याचा कागद फिरतो. सात सेकंद लपतो, तीन सेकंद समोर येतो. त्या तीन सेकंदांत हात वर घेऊन एक गोळी मारायची, असं पाच वेळा. पिस्तूल अडकली तर ती पाचांची फेरी पुन्हा मारायला मिळते. पण ही सवलत टप्प्यात एकदाच. दुसऱ्यांदा अडकली की गेलेले गुण गेले. आणि एकदा अडकलेल्या माणसाचं पुढच्या प्रत्येक गोळीला अर्धं लक्ष पिस्तुलाकडे असतं. ते अर्धं लक्ष मला जास्त महाग वाटत होतं.

मी अडकलेली गोळी घेतली. रंग ठीक, लांबी ठीक, तोंडाला चीर नाही. अंगठ्याचं नख कडेने खाली नेलं तर मध्यावर किंचित फुगवटा लागला. डोळ्यांना तो दिसत नव्हता.

मग मी रोशनची पिस्तूल खोलून बॅरल, म्हणजे नळी, बाहेर काढली. ती उभी धरून तिच्या मागच्या तोंडात एकेक गोळी सोडायची. बरोबर मापाची गोळी आपल्या वजनाने टक्कन खाली बसते. फुगलेली अर्ध्यावर थांबते. रोशनच्या उरलेल्या सगळ्या गोळ्या मी अशा सोडून पाहिल्या. टक, टक, टक, मग एक मुकी. पुन्हा टक, टक, आणि एक मुकी. मुक्या गोळ्या वेगळ्या ठेवत गेलो. ढीग छोटाच झाला, पण त्यातल्या दोन जरी रविवारी निघाल्या असत्या तर पुरे होत्या.

त्या उलट्या करून बुडावरची अक्षरं भिंगाखाली वाचली. सगळ्या मुक्या गोळ्यांवर एका परदेशी कंपनीची अक्षरं. बाकी सगळ्यांवर दुसऱ्या कंपनीची.

रोशनने सुरुवातीला एकाच कंपनीच्या नव्या गोळ्यांच्या पेट्या घेतल्या होत्या. भरायला आलेली पिशवी त्याची, पुंगळ्या त्याच्या, म्हणून त्या निवडायचा प्रश्नच मला पडला नव्हता. भरताना नजर कॅपवर असते, अक्षरांवर नसते.

फुगवटा का, ते सोपं आहे. या स्पर्धेतलं शिसं सपाट तोंडाचं असतं आणि पूर्णपणे पुंगळीच्या आत बसतं. पुंगळीची भिंत तोंडाशी पातळ आणि बुडाकडे जाड होत जाते. या परक्या पुंगळीची भिंत जरा वरूनच जाड व्हायला लागत होती. शिशाचं बूड तिथे पोचलं की भिंतीला बाहेर ढकलायचं. चेंबर म्हणजे बॅरलमधली गोळी बसायची जागा; ती सैल असलेल्या पिस्तुलात अशी गोळीही चालून जाते. रोशनच्या पिस्तुलाचं चेंबर घट्ट आहे, म्हणूनच ती नेम चांगला देते.

डॉक्टरांनी दवाखान्यातून काटा मागवला आणि मुक्या गोळ्या तोलल्या. सगळ्या जड भरल्या.

“पाहा,” ते म्हणाले.

“मान्य,” मी म्हटलं. “पण अक्षरं वाचली असती तर काट्याची गरज नव्हती.”

“तुम्ही तेही वाचलं नाही.”

मी भिंग खाली ठेवलं.

राहिला प्रश्न, या आल्या कुठून. आमच्या रेंजवर पुंगळ्या गोळा करून मोजून देण्याचं काम लेनगुरे हवालदारांकडे आहे. ते पोलिसांतून निवृत्त झालेत, सारी नोकरी शस्त्रागारात गेली. पोलिसांत जितक्या गोळ्या दिल्या तितक्या पुंगळ्या परत यायलाच लागतात. एक कमी पडली तर चौकशी. आम्ही त्यांना याच शिस्तीसाठी बोलावून घेतलं होतं.

मी मुकी गोळी त्यांच्या हातावर ठेवली आणि विचारलं, रोशनच्या पिशवीत ही कशी?

त्यांनी ती फिरवून पाहिली. “टिनातली असन.”

“कोणत्या टिनातली?”

“ते बाहेरची टीम आली होती ना जी पावसात, त्यायनं आपल्या पुंगळ्यायचं टिन इथीच टाकून देल्लं. मी सांभाळून ठेवलं.”

हळूहळू सगळं कळलं. आमची रेंज धानाच्या बांधीला, म्हणजे भातखाचराला, लागून आहे. रोशनची पिस्तूल पुंगळी उजवीकडे लांब फेकते, ती बांधावरून थेट चिखलात. तिथे रोवणा, म्हणजे भाताची लावणी, झालेला. बांधी शकुंतलाबाईंची आणि त्यांनी हवालदारांना बजावून ठेवलं होतं, की रोवण्यात पाय टाकला तर तुमच्या बंदुका तुमच्यावरच उलटतील. हवालदारांनी पाय टाकला नाही. जितक्या पुंगळ्या चिखलात गेल्या, तितक्या टिनातून काढून पिशवीत घातल्या. मोजणी दर वेळी बरोबर.

डॉक्टर म्हणाले, “अहो हवालदार, कमी आहेत म्हणून सांगायचं ना.”

“कमी कशा सांगू साहेब? जनम गेला माह्या, कमी कवाच नाई सांगितल्या.” मग रोशनकडे पाहून हळूच म्हणाले, “पोरा, मले वाटलं पितळ ते पितळ. तुह्यं नुकसान करून राह्यलो हे मले नाई समजलं.”

रोशन म्हणाला, “माह्या पुंगळ्या तुमी टाकल्या नाई, काका. माह्या पिस्तुलानं टाकल्या.” त्या दिवशी तो पहिल्यांदा बोलला.

आता रविवारचं काय? डॉक्टरांचं मत, धोका नको, कारखान्याच्या नव्या गोळ्या घेऊन जा. मी विरोध केला. रोशनच्या पिस्तुलाची साइट, त्याची पकड, सगळं महिनोन्‌महिने या भरलेल्या गोळीवर बसलेलं. नवी गोळी वेगळा झटका देते. शेवटच्या चार दिवसांत झटका बदलायचा नसतो. माझी खात्री होती, आणि खात्री असली की मी आवाज चढवत नाही.

मी रोशनला म्हटलं, “टक वाजली ती प्रत्येक गोळी तुझ्याच बॅरलने पास केलेली आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नको, तिच्यावर ठेव.”

त्याने विचारलं, “पुरतीन का?”

स्पर्धेला पुरून थोड्या उरत होत्या. त्याने शनिवारी त्या स्वतः आणखी एकदा बॅरलमध्ये सोडून पाहिल्या. मला ते आवडलं.

रविवारी मी नागपूरला गेलो नाही. दुकानात एका शेतकऱ्याच्या बंदुकीचा घोडा घासत बसलो आणि तो गरजेपेक्षा जास्त घासला. दुपारी डॉक्टरांचा फोन आला. ते रोशनच्या मागे बसून होते. पिस्तूल एकदाही अडकली नव्हती. संघाच्या यादीतलं शेवटचं नाव रोशन गेडाम होतं. डॉक्टर म्हणाले, “अभिनंदन. पण निवडल्याच ना शेवटी?”

“निवडल्याच,” मी म्हटलं.

तेव्हापासून क्लबमध्ये नियम आहे. पुंगळ्या तोलायच्या नाहीत, त्याने नेम सुधारत नाही. बुडाची अक्षरं वाचायची आणि भरलेली गोळी ज्याची त्याच्या बॅरलमध्ये सोडून पाहायची. आणि पुंगळी हरवली तर हरवली असं सांगायचं. शेवटचा नियम हवालदारांना सर्वांत जड गेला. पहिले काही आठवडे ते कमी आकडा इतक्या हळू आवाजात सांगत, की पुन्हा विचारावं लागे. माझा धडा एवढाच, की आकडा जुळला म्हणजे माल जुळला असं नाही. आकड्यांवर भरवसा असणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने हे जास्त लक्षात ठेवावं.

धान कापणी झाली. एका सकाळी शकुंतलाबाई रेंजवर आल्या आणि पदराची ओटी टेबलावर रिकामी केली. चिखलाने काळ्या पडलेल्या पुंगळ्या. इळ्याला लागत होत्या, म्हणाल्या, आणि वरून हवालदारांना दोन शब्द सुनावून गेल्या.

हवालदारांनी एकेक पुसून मोजली. मग वहीतल्या हरवलेल्यांच्या आकड्याशी ताडून परत मोजली. माझ्याकडे आले तेव्हा चेहरा उतरला होता.

“सुरेशभाऊ,” ते म्हणाले, “आता जास्त भरून राह्यल्या. ह्या कुठी दाखवू?”