घामाची रेघ

दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये राहत होतो तेव्हा गॅसचं बिल फोनवरच यायचं आणि मी ते उघडूनही पाहायचे नाही. मी तशी भावांची तुलना करणारी बाई. टोमॅटो एका सुपरमार्केटातून, तांदूळ दुसऱ्याकडून, मासळी थेट बाजारातून. गॅसकडे मात्र माझं लक्षच गेलं नव्हतं. एकदा सहज बिल उघडलं आणि दिसलं, की आम्ही जाळलेल्या गॅसपेक्षा कंपनीचं दरमहाचं ठरलेलं शुल्कच जास्त आहे. पंचवीस दिरहम, म्हणजे जवळजवळ सहाशे रुपये, चूल पेटवली नाही तरी द्यायचे.

मी कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. मी म्हटलं, मला स्वस्तातला प्लॅन हवाय.

"मॅडम, प्लॅन नहीं होता. सबका एक ही रेट है."

"तो कंपनी बदलनी हो तो?"

"बिल्डिंग में एक ही कंपनी का पाइप है, मॅडम. कंपनी बदलनी है तो घर बदलना पडेगा."

तो थट्टा करत नव्हता. रात्री जेवताना मी हे नवऱ्याला सांगितलं आणि आम्ही दोघंही हसलो. पुढे थोड्याच दिवसांत त्याची फुजैऱ्याच्या बंदरातल्या तेलाच्या टर्मिनलवर बदली झाली. त्या माणसाने सांगितलेलाच उपाय आमच्यासमोर येऊन उभा राहिला.

फुजैऱ्यात दोन फ्लॅट पसंत पडले. एक नव्या टॉवरमध्ये. पाइपचा गॅस, खाली जिम, पोहायचा तलाव. दुसरा कॉर्निशच्या, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्याच्या, मागच्या गल्लीत, जुन्या चार मजली इमारतीत. तिथे स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत सिलिंडर ठेवायचे आणि संपले की फोन करून मागवायचे. माझ्या मुलीने टॉवर पाहिला आणि म्हणाली, "ममा, दिस वन. प्लीज." ती इथेच जन्मली, इथेच वाढली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. नवऱ्याचाही कल टॉवरकडेच होता. मी म्हटलं, आधी गॅसचं बघते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

जुन्या इमारतीच्या एजंटने सांगितलं की तिसऱ्या मजल्यावर एक कोकणी बाई आहेत, सगळ्यांत जुन्या, त्यांना विचारा. आम्ही तिघंही गेलो. ऑगस्टमधली शुक्रवारची दुपार होती. जिना चढेपर्यंत कपडे अंगाला चिकटले. दार एका वयस्क बाईंनी उघडलं. डोक्यावरून ओढणी, हाताला कांद्याचा वास. मी रत्नागिरीची म्हटल्यावर त्यांनी आम्हाला बसूसुद्धा दिलं नाही, सरळ स्वयंपाकघरात नेलं. त्या दापोलीकडच्या निघाल्या. त्यांच्या नवऱ्याचं इथे लाँच दुरुस्तीचं दुकान होतं. तो गेल्यावर मुलं म्हणाली आमच्याकडे या, पण त्या इथेच राहिल्या. मी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागले.

मोठ्या चुलीवर बिर्याणीचं पातेलं होतं. दर शुक्रवारी मुलं, सुना, नातवंडं जेवायला येतात, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, "खाला, सिलिंडर परवडतो का? की पाइप बरा?"

"पाइपचं मला काय माहीत? सिलिंडरचं सांगते," त्या म्हणाल्या. इथे दोघं गॅस देतात. एकाची गाडी फोन केला की तासाभरात येते, पण माणूस वर चढवून देण्याचे पैसे घेतो. दुसऱ्याचं दुकान इंडस्ट्रियल रोडला आहे. तो स्वस्त, पण त्याला दोन दिवस आधी सांगावं लागतं. "आधी सांगायला आधी कळायला हवं ना, की संपत आलाय. ते कळलं की स्वस्तवाला पुरतो."

"पण कळणार कसं?" मी म्हटलं. "लोखंडाच्या आत काय आहे ते दिसतं थोडंच?"

"दिसतंय की. ये, बघ."

त्यांनी गॅलरीचं दार उघडलं. गरम हवेचा लोट आला. कोपऱ्यात सिलिंडर उभा होता. त्याच्या खालच्या भागाला दरदरून घाम फुटला होता, थेंब ओघळून फरशीवर डाग पडला होता. वरचा भाग मात्र अगदी कोरडा. आणि या दोन्हींच्या मधे, कुणी पट्टी लावून आखावी तशी, एक सरळ रेघ होती.

"रेघेपर्यंत गॅस आहे," खाला म्हणाल्या. "रेघेच्या वर काय नाय. हात लाव."

मी हात लावला. वर लोखंड उन्हाने तापलेलं. बोटं रेघेखाली सरकवली आणि मी हात मागे घेतला. माठासारखं गार होतं. बाहेर अंग भाजणारी हवा, आत पातेलं शिजतंय, आणि ज्याच्या जोरावर ते शिजतंय ती गोष्ट थंडगार. मुलगीही पुढे आली, तिने दोन्ही तळवे टेकवले.

"व्हाय इज इट कोल्ड?"

माझा नवरा दिवसभर तेलाच्या आणि गॅसच्या जहाजांत असतो, पण घरी कामाबद्दल कधी बोलत नाही. तो दारातूनच म्हणाला, "आत उकळतंय. आतला गॅस पातळ असतो, पाण्यासारखा. तुम्ही चूल पेटवली की तो उकळून वर येतो. उकळायला उष्णता लागते, ती तो लोखंडातून आणि हवेतून ओढून घेतो. म्हणून लोखंड गार पडतं."

"सो इट्स बॉयलिंग," मुलगी म्हणाली, "अँड इट्स कोल्ड?"

"हो."

तिचे तळवे अजून लोखंडावरच होते. वीस वर्षं मी गॅसवर स्वयंपाक करत होते. निळी ज्योत वर-खाली करत होते, दूध उतू जाऊ देत होते, भाकऱ्या भाजत होते. प्रत्येक वेळी त्या ज्योतीमागे कुठेतरी काहीतरी न तापता उकळत होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. आम्ही तिथे उभे असतानाच ती रेघ किंचित खाली सरकल्यासारखी वाटली. खाला आत जाऊन बिर्याणीवर झाकण ठेवून आल्या तरी मी तिथेच होते.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. परत निघालो तेव्हा नवऱ्याने गाडी दुबईकडे न वळवता डोंगराच्या रस्त्याला घातली. वर एका वळणावर त्याने ती थांबवली. खाली टर्मिनलच्या पांढऱ्या टाक्या, आणि समुद्रावर नांगर टाकलेली जहाजं, क्षितिजापर्यंत. संध्याकाळच्या उन्हात ती हलत नव्हती. त्याने एका जहाजाकडे बोट दाखवलं. त्याच्या डेकवर पाइपांचं जाळं आणि लांबट टाक्या होत्या.

"ते गॅसचं," तो म्हणाला. "खालांच्या गॅलरीत आहे तोच. पातळ करून भरतात, म्हणून मावतो. एक बादली पातळ गॅस मोकळा सोडला तर आपलं न्हाणीघर भरेल."

मी त्या जहाजाकडे पाहिलं आणि त्यात किती न्हाणीघरं, किती घरं, किती गावं असतील याचा अंदाज घ्यायचा प्रयत्न केला. जमलं नाही. तो सगळा गॅस वाळवंटाखालून आणि समुद्राच्या तळाखालून, माणूस जन्माला यायच्या आधीपासून तो जिथे होता तिथून आलेला. आणि मी त्याच्या शुल्कावरून फोनवर वाद घालत होते. वाद चुकीचा नव्हता, पण ज्याबद्दल तो होता ते केवढं आहे हे मला त्या वळणावर कळलं.

टॉवरचं नाव मग कुणी काढलं नाही. मुलीनेही नाही. आम्ही जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. खालांनी सांगितल्याप्रमाणे इंडस्ट्रियल रोडच्या दुकानाशी ठरवलं. सिलिंडर जोडल्यावर साबणाचं पाणी लावून गळती तपासायची, गॅलरीचं दार उघडं ठेवायचं, हेही त्यांनीच शिकवलं. रेघ थंडीत तितकी स्पष्ट दिसत नाही. मग कोमट पाणी ओतून हात फिरवायचा, जिथून गार लागेल तिथून खाली गॅस.

हिवाळा संपताना नवऱ्याने विचारलं, "मग, वाचले का काही?" वाचले होते. फार नाही, पण दर महिन्याला चूल न पेटवताही जाणारे पैसे तरी थांबले होते. मुलगी म्हणाली, त्या पैशांतून जवळच्या खोर फक्कान बंदरावर बोटीत बसू. खालांनाही नेलं. त्या लाइफ जॅकेट घालून बोटीच्या मधोमध, ओढणी दातांत धरून बसल्या.

बंदराच्या बाहेर आलो तेव्हा दूरवर एक जहाज पूर्वेकडे जाताना दिसलं. डेकवर तसल्याच टाक्या. आवाज येत नव्हता, नुसतं सरकत होतं. बऱ्याच वेळाने त्याच्या लाटा आमच्यापर्यंत पोचल्या आणि बोट उचलली गेली.

"हे कुठे चाललंय?" मी विचारलं.

"नक्की सांगता नाही येणार," नवरा म्हणाला. "पण यातली बरीच आपल्याकडेच जातात. आपल्या किनाऱ्यालाही लागतात. तुझ्या अम्मीच्या घरचा सिलिंडर इथलाच असू शकतो."

खालांनी ओढणी दातांतून सोडली आणि जहाजाकडे पाहिलं. "दापोलीला पण?" त्यांनी विचारलं.

"दापोलीला पण."

जहाज लहान होत जाऊन दिसेनासं होईपर्यंत आम्ही सगळे तिकडेच पाहत राहिलो, आणि बोटवाल्याने "यल्ला, खलास?", म्हणजे चला, झालं का, असं विचारल्यावर भानावर आलो.

घरी आल्यावर मी रत्नागिरीला फोन केला. अम्मी स्वयंपाकघरातच होती, मागे फोडणीचा आवाज येत होता. मी तिला जहाजाचं सांगितलं, समुद्राखालच्या गॅसचं सांगितलं, तो तिच्या चुलीपर्यंत कसा येतो तेही सांगितलं.

"थांब जरा," ती म्हणाली. "गॅस बारीक करून येते."