अब्बांच्या माघारी खिचडी

आज अब्बांच्या विद्यापीठाच्या संस्थापकांचा जन्मदिवस. एकोणिसाव्या शतकात त्यांनी विद्यापीठाचा पाया घातला आणि दिल्लीच्या जुन्या इमारतींचा इतिहासही लिहिला. अब्बा तिथे शिकले होते. दर वर्षी या दिवशी ते काळी शेरवानी घालून आमच्या उदगीरच्या गल्लीला खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा जेवू घालायचे.

अब्बा उन्हाळ्यात गेले. म्हणून आज मी काहीच रांधलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांचे मित्र भीमराव काका नेहमीसारखे जळकोटहून आले. "आज जेवण न्हाई का, बेटी?"

"अब्बाच नाहीत, काका."

काका चपला काढून आत येऊन बसले. मग म्हणाले, "ज्यांचा वाढदिवस हाय, त्यांना जाऊन शंभराच्या वर वर्षं झाली. तरी तुझा बाप जेवू घालतच व्हता की."

मी उठून डाळ-तांदूळ धुतले.

खिचडी आत्ताच उतरवली आहे. गावात कोण कोण आहात? या जेवायला.