न थांबणारा प्रोग्रॅम

चाकणच्या कंपनीत सर्व्हर रूमबाहेर बूट काढले, की एसीच्या गारव्यात मिसळलेला मोज्यांचा वास मला निगडीच्या कॉलेजात नेतो. तिथल्या लॅबमध्येही बूट बाहेर काढून एका कॉम्प्युटरवर मी आणि दिघीचा संजय बसायचो. पहिल्या प्रोग्रॅममध्ये स्वतःचं नाव दहा वेळा छापायचं होतं. मोजणी पुढे नेणारी ओळ मी विसरलो आणि नाव थांबेचना! वर्ग हसत सुटला. मीही हरखून बघत राहिलो.

"कुणाचा प्रताप?" सर गरजले.

मी कीबोर्डवरून हात काढून घेतले. संजय म्हणाला, "माझा, सर." सरांनी त्याला बाहेर काढलं.

काल अखेर फोनवर त्याची माफी मागितली. तो खदखदून हसला.

"अरे राव, बाहेर येऊन सर म्हणाले, 'मित्राला वाचवायचं तर आधी स्क्रीनवरचं त्याचं नाव पुसावं!'"