औषध बदलायचं, सोडायचं नाही

शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला होती म्हणून घरचे तिला मासोळीच म्हणत. दिवसभर निळसर उजेडात, हात कोपरापर्यंत पाण्यात. संध्याकाळी घरी आली तरी डोळ्यांपुढे ते पाणी हलत राही. मधुमेह तिला लग्नाआधीपासूनचा. गोळ्या ती दात घासावेत तितक्या सहज घ्यायची.

दिवस राहिल्याचं कळलं, तेव्हा मात्र गोळी तळहातावरच राहिली.

"आता कशाला गं ती?" सासूबाई म्हणाल्या. "बाळाच्या अंगात जाईल."

तिच्याही मनात तेच होतं. कुणालाच न विचारता गोळ्या बंद झाल्या.

मग दिवस धुक्यासारखे सरू लागले. कितीही पाणी प्यायली तरी घसा कोरडाच. काचेपलीकडचे मासे धूसर दिसत. ते पोहतायत की आपणच तरंगतोय, कळेनासं झालं. स्टुलावर बसल्या बसल्या तिला वाटे, बाळही असंच कोमट पाण्यात एकटं फिरतंय आणि आपला हात त्याच्यापर्यंत पुरत नाहीये. एकाच टाकीत ती पुन्हा पुन्हा खाणं टाकू लागली, तशी मालकीणबाईंनी दुकान अर्ध्यावर बंद करून तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी साखर तपासली. रागावल्या नाहीत.

"गोळीला घाबरलीस, पण वाढलेली साखर थेट बाळापर्यंत पोचते. तुझ्या गोळ्यांतली एक या दिवसांत चालत नाही, हे खरं. म्हणून औषध बदलायचं, सोडायचं नाही. आता इन्सुलिन घे. ते वारेतून पलीकडे, बाळाकडे, जवळजवळ जातच नाही."

घरी हे ऐकून सासूबाई तिच्याजवळ येऊन बसल्या.

"मी उगाच तोंड घातलं," त्या म्हणाल्या. "सुई दिसली की माझे पाय लटपटतात. पण तू टोचून घेताना मी शेजारी बसेन. भिंतीकडे तोंड करून."

आणि खरंच बसल्या, बाळंतपणापर्यंत. मुलगी झाली, धडधाकट.

एका दुपारी पाजताना खोली हळूहळू लांब गेली. पडदा, खिडकी, मुलीचे केस, सगळं कापसाचं झालं. तिच्या कपाळावर गार घाम आला.

"आई, मी कुठेय?"

सासूबाईंनी मुलीला अलगद उचलून घेतलं आणि साखरपाण्याचा पेला सुनेच्या ओठांना लावला. खोली सावकाश जागेवर आली.

"बाळंतपणानंतर इन्सुलिन कमी लागतं, त्यात पाजताना साखर उतरते," डॉक्टरबाईंनी सांगितलं आणि डोस कमी केला. "आधी चार घास खात जा. पाजणं मात्र थांबवू नकोस; इन्सुलिनमुळे दुधाला काही होत नाही."

तेव्हापासून मुलगी रडायला लागली की सासूबाई आधी ताटली आणत.

"ती थांबेल घटकाभर. तू खा."

ती खाई. मग मुलगी कुशीत येई, आणि दोघी मायलेकींचे डोळे एकदमच झोपेने जड होत.