नलिनी धुरी आणि मागचा गाळा

दोरीवरून नवऱ्याचा, लवूचा पांढरा सदरा काढायला गेली, तर नलिनीच्या हातात नुसती बाहीच आली. सदऱ्याला जाळीसारखी भोकं पडली होती. उंदराने कुरतडलं म्हणावं तर तसंही दिसत नव्हतं. कापड पिवळं पडून विरलं होतं. तिने दोरीवरचे बाकीचे कपडे चाचपले आणि मान वळवून चाळीमागच्या गाळ्याकडे पाहिलं.

मुलुंडच्या त्या बैठ्या चाळीमागे पूर्वी कोळशाची वखार होती. पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर चंद्रप्रकाश नावाच्या माणसाने तिथे प्लेटिंगचा कारखाना टाकला. नळाच्या तोट्या, सायकलींची हँडलं ॲसिडच्या टाक्यांत बुडवायची, चकचकीत करून काढायची. सकाळी टाक्या तापल्या की पत्र्याच्या फटींतून वाफ निघायची आणि सरळ चाळीत शिरायची. डोळे चुरचुरायचे, घसा खवखवायचा. शेजारच्या सोनूबाईंना आधीच दमा. त्या दार लावून, तोंडाला ओला पदर धरून बसायच्या.

नलिनी सावंतवाडीकडची, सातवीपर्यंत शिकलेली. संपात लवूची गिरणी बंद पडली ती पडलीच. आता तो एका सोसायटीत वॉचमन होता आणि ती घरी साड्यांना फॉल लावायची. भांडखोर म्हणावी अशी ती मुळीच नव्हती. नळावर आवाज चढले की आपला हंडा उचलून बाजूला व्हायची. पण त्या दिवशी ती हातात सदरा घेऊन गाळ्यात गेली.

चंद्रप्रकाशने तिला खुर्ची दिली. "बहनजी, सगळं कायदेशीर आहे. ते बघा लायसन."

भिंतीवर चौकटीत लावलेला कागद नलिनीने वरपासून खालपर्यंत वाचला.

"यात 'लोखंडी सामानाचा साठा' लिहिलंय. ॲसिड तापवायचं कुठे लिहिलंय?"

तो हसला. पण पुढच्या वेळी ती गेली तेव्हा त्याने खुर्ची दिली नाही.

मग तक्रार. चाळीतला शिवदास गांगुर्डे कोर्टात टायपिस्ट होता. त्याने रविवारी बसून अर्ज टाइप केला. बावीस घरांपैकी सतरा घरांनी सह्या केल्या. बाकीच्या पाच घरांतली पोरं त्याच कारखान्यात कामाला होती. अर्जाच्या प्रतीवर वॉर्ड ऑफिसचा शिक्का बसला तेव्हा नलिनीला वाटलं, झालं काम.

महिनाभराने ती विचारायला गेली. आरोग्य खात्यातल्या कारकुनाने अर्ज वाचून परत केला. "धूर आहे का?"

"धूर नाही. वाफ आहे. वास."

"मग आमच्याकडे नाही. लायसनवाल्यांकडे जा, वर."

वरचे म्हणाले, "लायसन तर आहे ना त्याच्याकडे? वासाचं आरोग्याकडे."

"ते म्हणतात तुमच्याकडे."

"ते म्हणणारच."

नलिनी तो जिना सहा महिने चढली, उतरली. साहेब राउंडला गेलेत. साहेब मीटिंगमध्ये आहेत. फाइल सापडत नाही, नवीन अर्ज द्या. शिवदासने तोच अर्ज तीनदा टाइप केला. लवू म्हणायचा, "तुका दुसरो उद्योग नाय?" ती अर्ज पिशवीत घालून निघायची. सोनूबाईंची धाप भिंतीपलीकडून ऐकू यायची, तेच तिला पुरे होतं.

शेवटी एका शुक्रवारी इन्स्पेक्टर आला. शुक्रवार हा कारखान्याच्या सुटीचा वार. टाक्या गार, गाळ्याला कुलूप. त्याने हवेत नाक फिरवलं आणि वहीत लिहिलं, वास आढळला नाही.

"साहेब, उद्या या ना! उद्या नऊ वाजता नुसते इथे उभे राहा."

"उद्या माझा इकडे राउंड नाही." वही मिटता मिटता त्याची नजर नलिनीच्या मागच्या दाराकडे गेली. मुलगी मोठी झाली तेव्हा मोरीला आडोसा म्हणून लवूने तिथे चार पत्रे ठोकले होते. "हे कधी टाकलं? परवानगी आहे?"

सहा महिन्यांत जे ऑफिस हललं नव्हतं त्याची नोटीस बाराव्या दिवशी दारावर चिकटली. विनापरवाना बांधकाम सात दिवसांत हटवावे.

लवू इतका भडकला की त्याने जेवणाचं ताट सरकवलं. "आणखी जा! घर पण पाडून घे!" चाळीतल्या बायका तिला टाळू लागल्या, पत्रे तर घरोघरी होते. आणि त्याच आठवड्यात सोनूबाईंनी बोचकं बांधलं. "गे नलू, माका गावाक जावंदे. हय जीव घुसमाटता," म्हणाल्या आणि मुलाबरोबर एसटीने देवगडला गेल्या. त्या परत आल्या नाहीत.

त्या रात्री नलिनीला झोप लागली नाही. सकाळी तिने शेजारून हातोडी आणली आणि स्वतःच पत्रे उचकटू लागली. लवू उठला आणि दुसऱ्या बाजूने खिळे काढू लागला. मोरीला साडीचा पडदा बांधून ती तडक वॉर्ड ऑफिसात गेली आणि शिपायाने अडवायच्या आत मोठ्या साहेबांच्या टेबलापाशी उभी राहिली.

"नोटिशीवर तुमची सही आहे. म्हणजे आमची चाळ तुम्हाला ठाऊक आहे. मी माझं पाडलं. आता मागच्या कारखान्याचं काय?"

साहेबांनी खातं विचारलं. "खातं तुम्ही ठरवा," ती म्हणाली, "मी इथेच बसते." आणि दुपारपर्यंत खरोखरच बसली.

सोमवारी साहेब स्वतः आले. पाच मिनिटांत नाकाला रुमाल लावून बाहेर पडले. टाक्या बंद झाल्या. चाळीत नऊ दिवस लोकांनी खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. दहाव्या दिवशी गाळ्यावर उंच लोखंडी पाइप चढला आणि टाक्या पुन्हा तापल्या. आता वाफ चाळीवरून जायची आणि नाल्यापलीकडच्या वस्तीवर उतरायची. नलिनी तिकडे सह्या घ्यायला गेली. पहिल्याच दारातली बाई म्हणाली, "आता तुमच्याकडे येत नाही ना? मग तुम्हाला काय पडलंय? आमच्याही घरावर पत्रे आहेत हो."

चार दिवसांनी वॉर्ड ऑफिसने तिला बोलावलं. कारकुनाने छापील कागद पुढे केला: तक्रारीचे निवारण झाले आहे.

"इथे सही करा. फाइल बंद करायची आहे."

नलिनीने पेन घेतलं आणि सहीच्या जागी सावकाश अक्षरांत लिहिलं: वाफ थांबलेली नाही, नाल्यापलीकडे जाते. सोनूबाई गावी गेल्या.

"अहो बाई, काय केलंत हे? कागद वाया घालवलात!" कारकून ओरडला. "इथे फक्त सही करायची असते."

त्याने खणातून तसाच दुसरा छापील कागद काढला. नलिनी तोवर जिना उतरू लागली होती.