सोयाबीनच्या पोत्यांत गायलेली गाणी

अल्बम काढून टाकणार, असं मोबाइलवर वाचलं आणि मी पिशवीत कपड्यांचा एक जोड भरला.

"या वयात रॉक ऐकायला जळकोटला निघालात?" सौ.नं विचारलं.

"ऐकायला नाही, अडवायला."

जळकोटजवळच्या एका खेड्यातल्या मन्मथनं काही वर्षांपूर्वी घरातच, साध्या मोबाइलवर, आठ मराठी रॉक गाणी ध्वनिमुद्रित केली होती. गिटार त्याची, ताशा मित्राचा. नातवानं ती मला ऐकवली तेव्हा वाटलं, मोबाइलच बिघडलाय. गाण्यामागं शेळ्या, कुकर, कुणाचं तरी खाकरणं. पण सोडवेना. मी जन्मभर नांदेडात कापड विकलं. काचेमागं टांगलेली साडी दिसते छान, पण थंडीत अंगावर घ्यावीशी वाटते ती धुऊन धुऊन मऊ झालेलीच. ही गाणी तशी आहेत. संगीतातलं मला काही कळत नाही. एवढं मात्र कळतं की वर्षं झाली तरी सकाळी नदीकडं फिरायला निघालो की हात त्यांच्याकडंच जातो.

आणि आता अल्बमच्या इंटरनेटवरच्या पानावर सूचना आली होती: जुनं ध्वनिमुद्रण काढून टाकतो आहोत, स्वच्छ केलेलं लवकरच. मी खाली लिहिलं, "असं करू नका." मन्मथच्या बायकोचं, महानंदाचं, उत्तर आलं, "काका, घरी या, समोरासमोर बोला."

सकाळच्या एसटीनं निघालो. ज्येष्ठांनी आधारकार्ड जवळ ठेवावं, अर्ध्या तिकिटात काम होतं. लोह्यापर्यंत रस्ता बरा. पुढं सोयाबीन भरलेले ट्रॅक्टर मोंढ्याकडं, धान्यबाजाराकडं निघालेले, त्यांच्या मागं आमची गाडी बैलगाडीच्या चालीनं. अहमदपूरला उतरून गरम सुशीला खाल्ली. चुरमुऱ्याची, वर भरपूर शेंगदाणे. पोट भरतं आणि खिसा हलका होत नाही. जळकोटच्या गाडीची मात्र बराच वेळ वाट बघावी लागली. पाणी सोबत ठेवा.

जळकोटला महानंदा स्कूटी घेऊन उभी होती.

"तुमीच का नांदेडचे काका? फोटोत लई जाड दिसता."

"फोटो जुना आहे, पोरी."

वाटेत तिनं सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. घशाच्या कर्करोगात मन्मथचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं. त्यांची मुलगी ईश्वरी तेव्हा पाळण्यात होती. स्कूटीवर मागं बसल्या बसल्या माझी सगळी तयार केलेली वाक्यं गळून पडली.

मन्मथनं हात जोडले, हसला. गळ्याला रुमाल बांधलेला. बोलायचं ते मोबाइलवर लिहून दाखवायचा. आधी मला धान्याची खोली दाखवली. गाणी इथंच झाली. सोयाबीनची पोती चारी बाजूंनी छतापर्यंत लावली की आवाज भिंतीवर आपटत नाही. पण चौथ्या गाण्याच्या आधी भाव चढला आणि वडिलांनी पोती मोंढ्यात नेली. म्हणून पुढची गाणी घुमतात.

"अन् मी समजत होतो, मुद्दाम विहिरीत उतरून गायलात!"

तो आवाज न करता, खांदे हलवून खूप हसला. मग लिहिलं, "पोरीला माझा आवाज चांगला ऐकू यावा. शेळ्या नकोत."

अडवायला आलो होतो मी. बापाला काय म्हणून अडवायचं?

जेवणं झाली. ज्वारीची भाकरी, ताजी शेंगाची चटणी. मग त्यानं नवं ध्वनिमुद्रण लावलं. खरंच सुरेख होतं. गळा लख्ख, ताशा कोरा करकरीत. ईश्वरी भातुकली मांडून बसली होती, तिनं मान वर केली नाही. गाणी एकाला एक लागून संपली.

महानंदा ताटं उचलता उचलता थांबली. "ह्याच्यात तुमी बोलायलाच न्हाईत."

मन्मथनं भुवया उंचावल्या.

"आवं, दोन गाण्यांच्या मधी तुमी बोलायचात ना. ते सगळं कचरा म्हणून झाडून टाकलं की साफ करणाऱ्यांनी!"

तिनं स्वतःच्या मोबाइलवर जुनं लावलं. पहिलं गाणं संपलं. खरखर. मग साधा, घाईतला, जळकोटी आवाज: "थांब रे, कुकर होऊ दे. महानंदा, किती शिट्ट्या झाल्या गं?"

"तीन!" ईश्वरीनं भातुकलीतूनच उत्तर दिलं. मग चमकून इकडंतिकडं बघितलं. "कोण इचारायलंय?"

"पप्पा," महानंदा म्हणाली.

पोर उठली, मोबाइल कानाला लावला, बापाच्या तोंडाकडं बघत राहिली. मन्मथनं तिला जवळ ओढलं आणि तेवढाच तुकडा पुन्हा लावला. पुन्हा लावला. मी उठून ओसरीत आलो.

निघताना त्यानं स्कूटीपर्यंत येऊन हात जोडले.

घरी येऊन आठवडा झाला. पानावर जुना अल्बम तसाच आहे, शेळ्यांसकट. नवाही त्याच्या शेजारी आहे. तिकडं जायचं असेल तर दिवाळीच्या आसपास जा, शिवार तेव्हा मोकळं झालेलं असतं. माझ्याजवळ राहिलं म्हणाल तर गाण्यांपेक्षा त्यांच्यामधली ती खरखर राहिली. ती लागली की आता मी पाऊल थांबवतो.

काल महानंदाचा फोन आला. मी विचारलं, ईश्वरी गाणी ऐकते का?

"कुठली ऐकतीय, काका! गाणं सुरू झालं की म्हणती, हे बंद कर, पप्पाला बोलू दे."